पक्षाघात आणि ‘बऱ्या’ हाताचा प्रश्न

अंगावरून वारे गेले की घरातल्या सगळ्यांचे लक्ष लुळ्या पडलेल्या हातापायाकडे लागते. तेल चोळायचे ते त्या हाताला, स्पंजचा चेंडू द्यायचा तो त्या हाताच्या बोटांत, आणि घरी येणारा फिजिओथेरपिस्टही आपला बहुतेक वेळ त्याच बाजूला घालवतो. दुसऱ्या बाजूचा विषय निघालाच तर तंबी देण्यापुरता निघतो: ‘सगळे या हाताने करू नका, नाहीतर तो हात कायमचा आळशी होईल.’ या तंबीमागे शास्त्र नाही असे नाही. चांगले काही दशकांचे संशोधन आहे. पण ते ज्या रुग्णांवर झाले त्यांच्यापलीकडे, सरसकट सगळ्यांना लावले गेले, आणि कमी बाधित बाजूचीही स्वतःची काही गरज असू शकते हा विचार त्यात मागे पडला. आजवरचा पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर माझ्या मते निष्कर्ष असा निघतो, की कमी बाधित बाजूला रीतसर व्यायाम द्यायला हवा, विशेषतः ज्यांचा दुसरा हात कामाला येण्याची चिन्हे दिसत नाहीत त्यांना. त्याचे कारण म्हणून ‘या व्यायामाचा फायदा लुळ्या बाजूलाही पोचतो’ हे नेहमी पुढे केले जाते. ते खरे आहे, पण दुय्यम आहे. मुख्य कारण असे, की ज्याला आपण बरा हात म्हणतो तो बहुधा पुरता बरा नसतोच.

डावा गोलार्ध उजवे अंग चालवतो आणि उजवा गोलार्ध डावे, हे शाळेत शिकलेले सूत्र बरोबर असले तरी अपुरे आहे. मेंदूतून मज्जारज्जूत उतरणारे हालचालींचे बहुतेक तंतू बाजू बदलतात, पण ढोबळमानाने दहावा हिस्सा त्याच बाजूने खाली जातो. शिवाय एखादी हालचाल ठरवणे, तिचा क्रम लावणे, तिचा अंदाज बांधणे या कामांत दोन्ही गोलार्धांचा दोन्ही हातांना हातभार असतो. जर्मन मेंदूशास्त्रज्ञ हुगो लीपमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे दाखवले होते. उजवे अंग गेलेल्या रुग्णांना त्यांनी डाव्या, म्हणजे धडधाकट समजल्या जाणाऱ्या हाताने साध्या खुणा करायला सांगितल्या, तेव्हा सुमारे निम्म्यांचा तो हात चुकत होता. डावे अंग गेलेल्यांच्या उजव्या हातात मात्र हा गोंधळ आढळला नाही. याहून बोलका दाखला नॉर्वेतील अल्फ ब्रोडाल यांचा. मेंदूच्या रचनेचे हे नामवंत अभ्यासक स्वतःच १९७२ मध्ये पक्षाघाताने आजारी पडले आणि पुढच्याच वर्षी ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःच्या निरीक्षणांवर लेख लिहिला. त्यांची डावी बाजू गेली होती आणि ते उजव्या हाताने लिहीत. तरीही त्या उजव्या हाताचे अक्षर बिघडल्याचे त्यांनी नोंदवले. रुग्ण स्वतःच मेंदूचा शरीररचनातज्ज्ञ असल्यामुळे ही तक्रार ‘थकवा असेल’ म्हणून कोणाला झटकून टाकता आली नाही. एरवी अशा तक्रारींचे काय होते हे सांगायला नको.

या विखुरलेल्या निरीक्षणांना मोजमापाची बैठक अलीकडे मिळाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट सेनबर्ग, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॅरोली विन्स्टीन आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षे या ‘बऱ्या’ हाताच्या मागे आहेत. त्यांच्या अभ्यासांतून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, त्या हातातले वैगुण्य सगळ्यांत सारखे नसते. लुळा हात जितका जास्त गेलेला, तितका दुसराही जास्त अडखळतो, आणि हा परिणाम डाव्या गोलार्धाला इजा झालेल्यांत अधिक दिसतो. दुसरी गोष्ट अशी, की वैगुण्याचा प्रकारही गोलार्धानुसार बदलतो. डाव्या गोलार्धाला इजा झाली असेल तर डावा हात वस्तूकडे सरळ न जाता वाकड्या वाटेने जातो, सांध्यांचा मेळ चुकतो. उजव्या गोलार्धाला इजा असेल तर उजवा हात नीट निघतो, पण नेमक्या जागी जाऊन थांबण्यात चुकतो. दवाखान्यात ‘हात वर करा, माझी बोटे दाबा’ एवढ्यावर तपासणी उरकली तर यातले काहीच दिसत नाही. ताकद असते, सफाई नसते. ताकदीचेही पूर्ण खरे नाही म्हणा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या चांगल्या पायाची मांडी पहिल्या काही दिवसांतच उतरू लागते, आणि उठून उभे राहायची वेळ येते तेव्हा सगळा भार त्याच पायावर येतो.

इथे एक साधा आणि रास्त आक्षेप येतो. रुग्ण दिवसभर सगळी कामे त्याच हाताने करतो. मग त्याला वेगळा व्यायाम कशाला? वापरानेच हात तयार होणार नाही का? पुरावा सांगतो, होत नाही. वर सांगितलेली वैगुण्ये ज्यांच्यात मोजली गेली त्यांच्यातले अनेकजण आजार जुना झालेले, त्या एका हातावर दीर्घ काळ दिवस काढलेले लोक होते. वापर आणि सराव यांत फरक आहे. वापरात माणूस जमेल तसे काम उरकतो, अवघड भाग टाळतो किंवा दुसऱ्याकडून करून घेतो. सरावात अवघडपणा पायरीपायरीने वाढवला जातो, वेग आणि अचूकपणा मागितला जातो. उजवी बाजू गेलेल्या, मुळात उजव्या हाताने कामे करणाऱ्या माणसाची अवस्था तर तिहेरी अडचणीची. उरलेला डावा हात जन्मभर दुय्यम कामे करत आलेला, वर त्याच्या नियंत्रणात डाव्या गोलार्धाच्या इजेची खोट, आणि पुष्कळदा वाचाही गेलेली किंवा दुसऱ्याचे बोलणे नीट कळेनासे झालेले. आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. डाव्या हाताने जेवणे अनेक घरांत अजूनही वर्ज्य. भाकरीचा तुकडा एका हाताने मोडणे, वरणभात कालवून घास करणे, नाडी बांधणे, साडीच्या निऱ्या धरणे, दाढीचे ब्लेड गालावरून फिरवणे, ही कामे डाव्या हाताला कोणी कधी शिकवलेलीच नसतात. आता ती शिकण्याची वेळ येते तेव्हा संकोचापायी घरचे लोक घास भरवू लागतात. त्यात प्रेम असते, पण हाताचा सराव त्या दिवसापासून थांबतो. चमचा डाव्या हातात देऊन रोज त्याच्याकडून मोजून काम करून घेणे हा खरे तर उपचार आहे, आणि तो कोणाच्याही चिठ्ठीवर लिहिलेला सहसा दिसत नाही.

आता दुसऱ्या कारणाकडे, म्हणजे एका बाजूच्या व्यायामाने दुसऱ्या बाजूची ताकद वाढते या दाव्याकडे. हा दावा जुना आहे. १८९४ मध्ये येल विद्यापीठातल्या एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या दोन सहकारी स्त्रियांनी एका हाताने रबरी फुगा दाबण्याचा सराव करवला आणि सराव न केलेल्या हाताची पकडही वाढल्याचे नोंदवले. या परिणामाला तेव्हापासून क्रॉस-एज्युकेशन म्हणतात. शंभर वर्षे हा प्रकार कुतूहलाचा विषय म्हणूनच राहिला. मग निरोगी लोकांवरचे अनेक प्रयोग एकत्र करून आकडे काढले गेले. २००४ च्या एका संकलनात सराव न केलेल्या बाजूची ताकद सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास वाढलेली दिसली, तर २०१७ च्या अधिक मोठ्या संकलनात हा आकडा १२ टक्क्यांजवळ गेला, आणि हातांपेक्षा पायांत तो जास्त निघाला. न हललेल्या स्नायूची जाडी मात्र वाढत नाही. म्हणजे जे काही घडते ते स्नायूत नव्हे, मेंदू आणि मज्जारज्जूत घडते: एका बाजूला जोर लावताना दुसऱ्या बाजूचे नियंत्रणही थोडे जागे होते. हात प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्या हाताचा व्यायाम चालू ठेवला तर बांधलेल्या हाताची झीज कमी होते, असेही प्रयोग आहेत. त्यामुळे पक्षाघाताकडे नजर वळणे साहजिक होते, कारण तिथे नेमकी अडचण हीच असते की ज्या बाजूला व्यायाम हवा ती बाजू व्यायाम करूच शकत नाही.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात कॅटी ड्रॅगर्ट आणि पॉल झेर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत सर्वाधिक उद्धृत होतो. जुना पक्षाघात असलेल्या १९ जणांनी सहा आठवडे फक्त चांगल्या पायाचा चवडा पूर्ण जोर लावून वर ओढण्याचा व्यायाम केला. चालताना पाऊल लोंबणे ही अशा रुग्णांची नेहमीची तक्रार असते, म्हणून हाच स्नायू निवडला होता. व्यायाम केलेल्या पायाची ताकद सुमारे ३४ टक्क्यांनी वाढली आणि न केलेल्या, जास्त बाधित पायाचीही सुमारे ३१ टक्क्यांनी. ज्या चौघांना सुरुवातीला बाधित पायाचा चवडा नीट उचलताच येत नव्हता, त्यांना तो शेवटी उचलता आला. निरोगी माणसांतल्या आकड्यांपुढे हा आकडा थक्क करणारा आहे, आणि म्हणूनच जरा जपून वाचायला हवा. या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. मुळात ताकद अगदी कमी असेल तर थोडीशी वाढही टक्केवारीत मोठी दिसते. चवडा उचलण्याचा जोर वाढला म्हणून चालण्याचा वेग त्याच प्रमाणात वाढतो असे नाही. पुढे याच प्रयोगशाळेतून मनगटावरही तसाच अभ्यास झाला आणि निकालाची दिशा तीच राहिली. पण २०१६ मध्ये कोणी या विषयाचा पद्धतशीर आढावा घ्यायला बसले तेव्हा निकषांत बसणारे अभ्यास एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. आरशाच्या उपचारातही चांगलाच हात हलतो आणि रुग्ण आरशात त्याचे प्रतिबिंब लुळ्या हाताच्या जागी पाहतो. त्याच्या बाजूने बराच अधिक पुरावा आहे: २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ६२ अभ्यास आणि १९८२ रुग्ण होते आणि हाताच्या हालचालीत मध्यम प्रतीचा फायदा दिसला. पण तिथे फायदा हालचालीचा की दृष्टिभ्रमाचा हे वेगळे काढणे कठीण. मला वाटते, लुळ्या बाजूला पोचणारा हा लाभ व्याजासारखा धरावा. मिळाले तर उत्तम, पण मुद्दल दुसरीकडे आहे हे विसरू नये. केवळ या व्याजाच्या आशेवर कमी बाधित बाजूचा व्यायाम विकला गेला, तर व्याज कमी पडताच तो बंदही केला जाईल.

आता सुरुवातीच्या त्या तंबीमागच्या शास्त्राकडे वळू. एडवर्ड टाउब यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदना वाहणाऱ्या नसा तोडल्या, तेव्हा तो हात हलू शकत असूनही माकडे तो वापरेनाशी झाली. चांगला हात बांधून ठेवला की वापरू लागली. न वापरण्याची ही शिकलेली सवय मोडण्यासाठी माणसांतही चांगल्या हातावर मोठा मोजा चढवून लुळ्या हाताकडून कसून काम करून घेण्याची पद्धत निघाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्साइट चाचणीत २२२ रुग्णांवर तिचा पडताळा घेतला गेला. जागेपणीच्या ९० टक्के वेळात मोजा, तोही दोन आठवडे, आणि लुळ्या हाताचा रोजचा सराव. फायदा झाला, आणि तो टिकलाही. ही चाचणी फिजिओथेरपीच्या इतिहासातल्या भक्कम चाचण्यांपैकी आहे, हे मान्यच करायला हवे. पण तिच्यात प्रवेश कोणाला होता? ज्यांना मनगट आणि काही बोटे किमान १० अंश तरी स्वतःहून उघडता येत होती त्यांनाच. ज्यांची मूठ उघडतच नाही त्यांच्याविषयी ती काहीही सांगत नाही. आणि असे लोक थोडे नाहीत. नेदरलँड्समध्ये गर्ट क्वाकेल यांनी सुरुवातीला हात पूर्ण लुळा पडलेल्या १०२ रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा सहा महिन्यांनी ३८ टक्क्यांच्या हातात थोडीफार हालचाल परतली होती आणि पूर्ण कार्यक्षम हात जेमतेम १२ टक्क्यांना मिळाला होता. उरलेल्या साठेक टक्क्यांना ‘चांगला हात वापरू नका’ असे सांगणे म्हणजे त्यांना कोणताच हात वापरू नका असे सांगणे होय. कोपनहेगनच्या मोठ्या पक्षाघात अभ्यासातून १९९४ मध्येच हे दिसले होते, की ज्यांचा हात परत येत नाही त्यांचे स्वावलंबन वाढते ते चांगल्या हाताने काम निभावण्याच्या जोरावर.

यापेक्षा अवघड आक्षेप प्रयोगशाळेतल्या उंदरांकडून येतो. टेक्सास विद्यापीठात थेरेसा जोन्स आणि रेचेल ऑलरेड यांनी मेंदूच्या एका बाजूला इजा केलेल्या उंदरांना चांगल्या पंजाने अन्नाचा दाणा उचलण्याचे शिक्षण दिले. मग बाधित पंजाला शिकवू लागल्यावर तो, असे शिक्षण न मिळालेल्या उंदरांपेक्षा, मागे राहिला. दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पूल कापला तर हे नुकसान होत नाही, म्हणजे चांगल्या बाजूचे शिकणे पलीकडे जाऊन अडथळा आणते. हा पुरावा झटकून टाकण्याजोगा नाही, आणि कमी बाधित बाजूचे जे समर्थक त्याचा उल्लेखच टाळतात ते आपली बाजू लंगडी करतात. पण तो नेमके काय सांगतो ते पाहावे. इजा होऊन थोडेच दिवस झालेले, बाधित पंजा अजून सावरू शकणारा, आणि शिक्षण फक्त चांगल्या पंजाला: अशा स्थितीतले ते नुकसान आहे. वर्षभर उलटूनही हात न उघडलेल्या माणसात सावरण्याच्या ज्या प्रक्रियेला खीळ बसेल, ती प्रक्रियाच बहुतेक ओसरलेली असते. याच कल्पनेचे मानवी रूप म्हणजे निरोगी गोलार्ध बाधित गोलार्धाला दाबून ठेवतो हा सिद्धान्त. २००४ पासून त्याच्या आधारे चांगल्या गोलार्धाला चुंबकीय लहरींनी शांत करण्याचे उपचार सुचवले गेले. २०१८ ची १९९ रुग्णांवरची नीश चाचणी त्याची कसोटी होती, आणि खऱ्या व खोट्या उपचारांत फरक दिसला नाही. २०१९ मध्ये जिंग शू आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचा आजाराच्या पहिल्या आठवड्यांपासून पाठपुरावा करून दाखवले, की ही दाबणूक सुरुवातीला असामान्य नसते, ती उशिरा दिसू लागते. म्हणजे हात न सावरण्याचे मूळ तिच्यात शोधणे कठीण. चांगला हात हलवला की मेंदूचा तोल बिघडतो, हे विधान आता पूर्वीइतक्या आत्मविश्वासाने करता येत नाही.

जोर लावला की लुळा हात आणखी ताठ होतो, ही भीती बर्टा बोबाथ यांच्या उपचारपरंपरेतून आली आणि आपल्या फिजिओथेरपीच्या शिक्षणातही रुजली. जोर लावताना त्या क्षणी कोपर वाकतो हे खरे. पण ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा कायमचा वाढतो याला नंतरच्या संकलनांत आधार मिळाला नाही. रक्तदाबाची काळजी त्याहून खरी आहे. पूर्ण जोर लावून श्वास रोखणाऱ्या व्यायामाने दाब उसळतो, आणि पक्षाघाताच्या बहुतेक रुग्णांची कहाणी उच्च रक्तदाबापासूनच सुरू झालेली असते. म्हणून ड्रॅगर्ट यांच्या पद्धतीचा जोराचा व्यायाम घरच्या घरी, कोणी न तपासता सुरू करणे योग्य नाही. सफाईचा, वेगाचा, बोटांच्या कामाचा सराव मात्र जवळजवळ कोणालाही देता येतो.

सेनबर्ग आणि विन्स्टीन यांच्या गटाने २०२१ मध्ये एका छोट्या प्राथमिक अभ्यासात तेच केले: लुळा हात फारसा कामाचा न राहिलेल्या जुन्या रुग्णांच्या कमी बाधित हाताला खास प्रशिक्षण. हाताची कामगिरी सुधारली आणि रोजच्या जगण्यातले स्वावलंबनही. दिल्लीतल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय संस्थेतल्या संशोधकांनीही २०१५ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर एक प्राथमिक चाचणी प्रसिद्ध केली. अशा छोट्या अभ्यासांवर इमले बांधू नयेत, पण दिशा एकच आहे. वाटणी मला अशी दिसते. हात थोडाफार उघडतो आणि आजाराला काही आठवडेच झाले आहेत, तर पहिला हक्क लुळ्या हाताचा. तिथे उंदरांचा इशारा आणि एक्साइटचा पुरावा दोन्ही लागू पडतात. हात उघडतच नाही आणि महिने उलटले आहेत, तर चांगल्या हाताचा रीतसर सराव उपचाराच्या केंद्रस्थानी यायला हवा, आणि लुळ्या हाताचे सांधे आखडू नयेत, खांदा दुखू नये एवढी निगा सोबत. पायाच्या बाबतीत ही वाटणी बरीचशी गैरलागू आहे, कारण चालायला दोन्ही पाय लागतातच आणि चांगल्या पायाची ताकद कोणत्याही टप्प्यावर वाया जात नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न शहरातल्या पुनर्वसन केंद्रांपुरता नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासात ग्रामीण भागातल्या मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात निघाले, सुमारे १४ टक्के मृत्यू. आणि जे वाचतात ते अशा ठिकाणी राहतात जिथे फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदाही पोचत नाही. घरच्यांनाच शिकवून हे काम भागेल का, हे भारतात तपासून झाले आहे. देशातल्या १४ केंद्रांवर १२५० रुग्णांसह झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अटेंड चाचणीत कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरी केलेल्या पुनर्वसनाने सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूत किंवा परावलंबनात फरक पडला नाही. म्हणून ‘चांगल्या हाताचा व्यायाम घरी करता येतो, खर्च नाही’ एवढ्या युक्तिवादावर मी विसंबणार नाही. पण एक गोष्ट त्या निकालाने बदलत नाही. ज्या व्यायामात रुग्णाला दुसऱ्याने हात धरून हलवावे लागत नाही, जो तो एकटा बसून, चुका स्वतः पाहत करू शकतो, असा व्यायाम या आजारात फार थोड्यांच्या वाट्याला येतो. डाव्या हाताने वाटीतले शेंगदाणे दुसऱ्या वाटीत वेळ मोजत टाकणे, सुट्या नाण्यांची चळत रचणे, रेघेवरून पेन्सिल फिरवणे, दर आठवड्याला लागलेला वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवणे, हे शिकवायला फिजिओथेरपिस्टच्या दोन भेटी पुरतात. वाचा गेलेल्यालाही ते तोंडी सूचनेपेक्षा करून दाखवल्याने लवकर कळते. आणि डिस्चार्जच्या कागदावर ‘डावी बाजू सामान्य’ असे लिहिण्याआधी त्या हाताने एक बटण लावून घेण्याएवढा वेळ वॉर्डात काढता येतो.